थोट्या बोटाचा टिळा

रेवदंड्याच्या खाडीवरच्या कारखान्यात लाँची दुरुस्त होत. लाँचकंपनीचा कारकून म्हणून मी तिथं आठवड्यातून दोनदा जाई. तिथल्या मिस्त्रींची उजवी तर्जनी लोखंड कातायच्या यंत्राच्या पट्ट्यानं अर्धी नेली होती. कुणी हळहळलं तर म्हणत, "अर्धी ठेवलीन न्हवं? चांगला हाय तो." यंत्राला ते 'तो'च म्हणत, आणि ते सुरू करण्याआधी सगळ्यांच्या बाह्या दुमडायला लावत.

दसऱ्याला यंत्राला कुंकू लावत तेही त्याच थोट्या बोटानं. एका दसऱ्याला पूजा झाली, पट्टा फिरू लागला आणि कारखान्याचे शेट कौतुकानं त्यावर वाकले. खांद्यावरच्या रेशमी उपरण्याचं टोक पट्ट्यापासून वीतभर राहिलं. मिस्त्रींनी उपरणं खेचून काढलं आणि खलाशासारखं शेटच्या कमरेला करकचून आवळलं. मग मिस्त्रींनी थोटं बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि शेटच्या कपाळाला लावलं.

"त्याला टिळा लावला, तुमालाबी लावला. आता दोघांची वळख ऱ्हावी."

शेट त्या बोटाकडे बघत राहिले आणि मग पोट धरून हसले.

पुढं ते कारखान्यात यायचे ते फाटकातच उपरणं कमरेला बांधून.