‘विथ’ शिकवणारे काका

अख्ख्या इंग्रजी भाषेत शिकण्यासारखा शब्द एकच आहे आणि बाकीचे सगळे त्याची हमाली करायला ठेवलेले आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. माझ्या बायकोची मैत्रीण वैशाली, तिचे हे वडील. तो शब्द म्हणजे ‘विथ’. नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि काकू गेल्यावर वैशालीनं त्यांना इकडे अमेरिकेत, श्रूजबरीला आणलं. येताना दोन बॅगा होत्या. एकीत गोडा मसाला, मेतकूट आणि स्वेटर, दुसरीत जुनी व्याकरणाची पुस्तकं. अमेरिकेत येऊन लोक नायगारा बघतात, न्यूयॉर्क बघतात. काका खोक्यांवरचा मजकूर बघत. सकाळी सीरियलचं खोकं हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, “मेड विथ रिअल हनी. आता मला सांग, हा मध खोक्याच्या आत आहे की नुसता सोबतीला आला होता?” गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे ज्याच्या त्याच्या घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी आपल्या भांड्यावर ‘राइस विथ व्हेजिटेबल्स’ अशी चिठ्ठी लावली होती. काका ताट घेऊन तिथंच थांबले आणि यात यजमान कोण व पाहुणा कोण हे त्या बाईंना विचारू लागले. मागे रांग खोळंबली. त्या बाईंनी पुढच्या वर्षी चिठ्ठीच लावली नाही.

फोनवर तर त्यांना एकटं सोडायची सोय नव्हती. एकदा विम्याच्या कचेरीतली मुलगी त्यांना ‘प्लीज बेअर विथ मी’ म्हणाली आणि फाइल शोधायला लागली. काकांनी तेवढ्या वेळात तिला तिच्याच वाक्याचा अर्थ समजावला. “ती म्हणाली, मला सहन करा. मी म्हटलं, करतो हो, पण हे ‘विथ’ इथं कशाला आलं याचा तुम्ही कधी विचार केलाय का?” मुलीनं विचार केलेला नव्हता. तिनं फोन वरिष्ठांकडे दिला, वरिष्ठांनीही विचार केलेला नव्हता, आणि विम्याचं काम शेवटी वैशालीनं ऑफिसातून अर्धी रजा काढून केलं.

या माणसाला कुठंतरी गुंतवायला हवं म्हणून वैशालीनं लायब्ररीतल्या मंगळवारच्या इंग्रजी संभाषणाच्या टेबलाचा पत्ता काढला. ती ऑफिसला जाते आणि मी घरून काम करतो, त्यामुळे त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कुरकुर केली, पण नेत राहिलो. तिथं टेबलाभोवती नातवंडं सांभाळायला आलेले सात-आठ चिनी आजी-आजोबा बसत. काका शिकायला म्हणून गेले आणि तिसऱ्या मंगळवारी शिकवायला लागले. कुणी नेमलं नाही, कुणी हटकलं नाही. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून, मीटिंग म्यूट करून, कान तिकडे लावून बसायचो.

दोन वर्षं काकांनी त्या मंडळींना ‘विथ’ शिकवलं. फक्त ‘विथ’. त्यांच्या वहीत तीन रकाने होते, इंग्रजी, मराठी आणि चिनी. चिनी रकाना त्यांनी विद्यार्थ्यांना विचारून विचारून देवनागरीत भरला होता. माणूस सोबत असेल तर ‘गन’, हातात हत्यार असेल तर ‘युंग’. काकांना हा शोध लागला तेव्हा गाडीत बसल्या बसल्या ते माझ्या खांद्यावर थापटत म्हणाले, “अरे, ही तर आपलीच माणसं निघाली! आपणही मित्राबरोबर जेवतो आणि चमच्याने जेवतो. दोघांसाठी वेगळी सोय. या इंग्रजांनी मित्र आणि चमचा एकाच पंगतीला बसवले.”

त्या वर्गात लिनबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, हाडकुळ्या, थंडीत दोन टोप्या घालणाऱ्या. मुलगा आणि सून दोघंही नोकरीत, आणि घर आमच्याच रस्त्याच्या टोकाला. लिनबाईंना ‘विथ’ पटतच नव्हतं. त्या म्हणायच्या, “आय यूज चॉपस्टिक ईट.” काका म्हणायचे, “आय ईट विथ चॉपस्टिक्स.” एकदा त्या चिडल्या. “नो. आय ईट विथ माय सन. चॉपस्टिक नॉट पर्सन.” टेबलावर हशा पिकला. मग त्या जरा थांबल्या आणि वहीकडे बघत म्हणाल्या, “सन ईट इन ऑफिस. ओके टीचर. आय ईट विथ चॉपस्टिक.” बाकीचे पुन्हा हसले. काका हसले नाहीत. परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, “आज बाईंना ‘विथ’ कळलं, पण कळायला नको होतं.”

काकांची एक चूक मात्र लिनबाईंच्या चुकीशी तंतोतंत जुळायची. दोघंही ‘मॅरिड विथ’ म्हणत. मराठीत लग्न कुणाशी तरी होतं, चिनीतही ‘गन’ लावूनच होतं, त्यामुळे दोघांना त्यात काही वावगं दिसेना. एका मंगळवारी लायब्ररीतल्या बाईंनी येऊन अगदी गोड शब्दांत सांगितलं, की ‘मॅरिड टू’ म्हणायचं. काकांचा चेहरा उतरला. ज्या शब्दावर आयुष्य काढलं त्याच शब्दानं भरवर्गात दगा दिला होता. आठवडाभर त्यांनी जेवण अर्धवट टाकलं. पुढच्या मंगळवारी गाडीत पट्टा लावता लावता म्हणाले, “पस्तीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं रे. पण ‘टू’ म्हणजे ‘ला’. बायकोला काय लग्न पोस्टानं पाठवतात? मी ‘विथ’च म्हणणार. ती होती तेव्हा मी ‘विथ’ होतो, एवढं मला पक्कं माहीत आहे.” आणि मग लायब्ररी येईपर्यंत काचेबाहेर बघत राहिले. रस्त्याच्या कडेला प्लाऊनं सारलेल्या बर्फाचे काळपट ढीग होते, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर ते जरा मिटत गेले. खोक्यांवरचा मजकूर वाचायचं थांबलं. हिवाळा सरता सरता वैशालीची नोकरी गेली, आणि महिन्याभरात तिला दूर दक्षिणेकडच्या कॅरी गावात दुसरी मिळाली. सामान बांधायला सुरुवात झाली. तिकडचं अपार्टमेंट लहान, मुलांच्या शाळा नव्या, नवऱ्याचं अजून इकडे-तिकडे चाललेलं. काकांनी तूर्तास पुण्याला त्यांच्या मुलाकडे जावं असं ठरलं. वैशालीनं मला हे आमच्या स्वयंपाकघरात रडत सांगितलं. तिचा काही दोष नव्हता. माझा होता, आणि तो असा.

पुढच्या मंगळवारी वर्ग संपल्यावर काका गाडीत बसले, पण पट्टा लावेनात. म्हणाले, “एक गोष्ट इंग्रजीत कळत नाही बघ. मी वैशालीकडे राहतो, याला इंग्रजीत काय म्हणायचं?”

“आय लिव्ह विथ माय डॉटर,” मी म्हणालो.

“आणि मी वैशालीबरोबर राहतो, याला?”

“तेच.”

“तेच ना? म्हणजे इंग्रजीत माझं छान चाललंय. ‘कडे’ म्हणजे दुसऱ्याचं घर, आपण एका खोलीपुरते. ‘बरोबर’ म्हणजे... असो. इथं मी वैशालीकडे होतो, पुण्यात अजितकडे असेन. तोही चांगला आहे रे, सून चांगली आहे. पण मंगळवारी, त्या टेबलावर, मी कुणाकडे नसतो.” मग पट्ट्याशी चाळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमचं बेसमेंट रिकामंच असतं ना? मला जिन्याचा त्रास नाही. निदान या वर्गातल्या मंडळींचं ‘विथ’ पुरं होईपर्यंत. जेवणाचं मी माझं बघेन.”

मी हसलो. “काका, वर्षाला विचारून सांगतो हं,” असं म्हणालो आणि गाडी सुरू केली. वर्षा म्हणजे माझी बायको. मी तिला विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू करत राहिलो, कारण ती हो म्हणाली असती तर खरंच एक म्हातारा माणूस माझ्या घरात येऊन माझ्या सीरियलची खोकी वाचू लागला असता. काकांनीही पुन्हा विषय काढला नाही. मी शिक्षकाचा मुलगा आहे, न आलेलं उत्तर शिक्षकाला ताबडतोब कळतं हे मला माहीत होतं. विमानतळावर सोडायलाही मीच गेलो. व्हीलचेअरवाल्या मुलीनं विचारलं, “एनीवन ट्रॅव्हलिंग विथ यू, सर?” काका म्हणाले, “नो.” ‘विथ’ ऐकूनही त्यांनी त्यावर भाष्य केलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. जाताना त्यांनी मला हात केला, आणि मी आपला जरा जास्तच उत्साहानं हात हलवला.

नंतर केव्हातरी मी ही गोष्ट वर्षाला सांगितली. तिनं हातातली कणीक तशीच ठेवली. “मला विचारायचंस तरी. मी हो म्हटलं असतं,” ती म्हणाली.

काकांचा फोन येतो अधूनमधून. पुण्यात इंग्रजी सगळ्यांनाच येतं, शिकवायला कुणी सापडत नाही, असं म्हणतात. आवाज बरा असतो. मी ‘काका, या ना परत’ म्हणतो, ते ‘बघू’ म्हणतात.

परवा मी दाराशी पत्रं काढत होतो, तेव्हा लिनबाई चालत आल्या. मला बघून थांबल्या. मंगळवारचं टेबल अजूनही सुरू असतं, पण नवी बाई एकदम सगळंच शिकवते, आणि त्यांना ते आवडत नाही, असं त्यांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. मग विचारलं, “टीचर लिव्ह विथ हू नाऊ?”

“विथ हिज सन,” मी म्हणालो. वाक्य खरं होतं. त्यातलं ‘कडे’ इंग्रजीत कुठं घालायचं हे मला येत नव्हतं.

त्यांनी मान डोलावली. आमच्या घराकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, सगळ्या खिडक्या. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं, दोनदा पुटपुटल्या, आणि सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत त्यांनी मला विचारलं, “व्हाय डिडन्ट ही लिव्ह विथ यू?”

वाक्यात एकही चूक नव्हती. ते त्यांना सांगायला काका नव्हते.