सीटखालची सुतळी

खाकी उतरवून कैक वर्षं झाली, तरी दसऱ्याला झेंडूचा वास आला की मला एक ट्रॅक्टर आठवतो.

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. नगर जिल्ह्यात, कालव्याच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. हद्दीत उसाचा मोठा खाजगी मळा होता आणि त्यावर लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर. कडक रानात चालला की त्यावर बसलेल्याचे दात वाजत. दोन ड्रायव्हर तो आळीपाळीने चालवत. एक हिंदू, एक मुसलमान. दोघे जिवाभावाचे, आणि भांडल्याशिवाय भाकर न पचणारे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात वर्दी आली. चालत्या ट्रॅक्टरची सीट निखळून मुसलमान ड्रायव्हर खाली पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. मळ्याचा मुकादम माझ्या कानाशी लागला.

"सायेब, परवा दोघांची लई जुंपली हुती. अन् सांजच्याला त्यो दुसरा टॅक्टरपाशी हुता. म्या बघितलंय."

मुकादम कुणाचं भलं चिंतणारा नव्हता, पण खबर ती खबर. दुसऱ्या ड्रायव्हरला ठाण्यात आणवलं. तरणाबांड गडी, नुकतंच लग्न झालेलं. कितीही विचारलं तरी एकच बोलणं.

"नट म्या आवळला न्हाई. माझीच चूक हाय. टाका आत."

खरा गुन्हेगार आधी दुसऱ्यावर ढकलतो. हा सगळं स्वतःवर ओढून घेत होता. मला ते पटेना. पंचांना घेऊन मी ट्रॅक्टरपाशी गेलो.

लढाईमुळे नटाखाली घालायचे स्प्रिंगचे वायसर मिळत नव्हते. हादऱ्यांनी नट सुटू नयेत म्हणून हे दोघे नट आवळून वरच्या आट्यांवर डांबर लावलेली सुतळी गच्च गुंडाळत. ट्रॅक्टरच्या खालच्या बाकी बोल्टांवर ती काळीकुट्ट सुतळी तशीच होती. सीटचा उरलेला बोल्ट मात्र तांब्यासारखा लखलखत होता, आणि सीटच्या दांड्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. घात करायला आलेला माणूस हळदीकुंकू वाहत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारं घासून पुजायची आपली रीत मला आठवली, आणि मी ठाण्यात बसवलेल्या त्या ड्रायव्हरच्या घरी गेलो.

त्याची बायको रडून सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आली. वस्तीतल्या म्हाताऱ्या दारादारांत कान टवकारून उभ्या.

"सायेब, माझ्या म्हायेरी आमी नांगर राखंनं घासून पुजतो. ह्यो टॅक्टर तर लई मळला हुता, सीटखाली बोल्टांस्नी काळी घान गुंडाळल्याली. समदी काढली, चकचकीत केला. एवढी पूजा करून इघ्न का आलं वं?"

तिचा सासरचा पहिला दसरा. 'पांढऱ्या पायाची' म्हणायला त्या म्हाताऱ्यांना कारणच हवं होतं. तिचा नवरा सगळं स्वतःवर का ओढून घेत होता, ते मला तेव्हा कळलं. म्हाताऱ्यांना ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम आवाज चढवला.

"मशीन आहे, पोरी. हादरतं, नट सैल होतात. पूजेचा काय संबंध?"

दवाखान्यात जखमीची जबानी घ्यायला गेलो, तर मी विचारण्याआधी तोच बोलला.

"सायेब, घासल्याला बोल्ट मीबी बघितला, पडल्यावर. सुतळीचं कुनाला बोलू नका. गाव वैनीला जगू देनार न्हाई. माझं हाड काय, जुळंल. अन् त्या येड्याला सोडा. त्यो मरंल, पन बोलनार न्हाई."

वायसर नसल्यामुळे हादऱ्यांनी नट सैल होऊन अपघात झाला, असा मी अहवाल दिला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मुकादमाचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या खंडेनवमीला बंदोबस्तावर असताना मळ्यावरून गेलो. वहिनीबाईंनी ट्रॅक्टर घासून लखलखीत केला होता. झेंडूची माळ घातली, आम्हा तिघांच्या हातावर प्रसाद ठेवला. ती आत वळली, तसा लंगडणाऱ्याने खिशातून सुतळी काढली आणि दुसऱ्याने पाना.

"अरे, तिला एकदा सांगून का टाकत नाही?" मी विचारलं.

नवरा हळूच म्हणाला, "सुतळी काढू नगं म्हनलं, तर मागल्या साली काय झालं ते तिला उमगंल की, सायेब."

सत्य हुडकणं हे माझं काम होतं, आणि ते मला बरं जमत असे. हुडकलेलं सत्य कुणाच्या माथी मारायचं नाही, हे मात्र मला कुठल्या ट्रेनिंगात कुणी शिकवलं नव्हतं.

लंगडणाऱ्याने सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा सायेब, गच्च. ती यायच्या आत व्हाया पायजे."

मी टोपी काखेत मारली आणि धरलं.