रस्त्याचा वानोळा

मंगरूळपीरच्या नाल्याकाठाने चालायला आणि सायकलीला वेगळी वाट झाली, दोन्ही बाजूंनी कडुनिंब लागले. मला ती फार आवडली. पण गावाच्या कडेला ती संपायची, आणि तिथून आमच्या भाजीच्या मळ्यापर्यंत होती फक्त जुनी पांदण, तीही नावालाच. दर पेरणीला दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी नांगराचं एकेक तास रस्त्यात घातलं, आणि बैलगाडीची वाट बकरीपुरती उरली. आमचा दादाही यात मागे नव्हता. समोरच्या शेजाऱ्याने तर काटेरी तारच आडवी ओढली. दादाशी त्याचं बोलणं कित्येक वर्षं बंद.

त्यामुळे वहिनी डोक्यावर टोपलं घेऊन हायवेने बाजाराला जायची. एकदा ट्रकचा धक्का लागून टोपलं उडालं. वहिनी थोडक्यात वाचली. तेव्हापासून ती घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

नगरपालिकेने सांगितलं, पांदण मोकळी करा, वाट मळ्यापर्यंत आणतो. बैठका झाल्या. प्रत्येकजण म्हणे, आधी त्याने सोडावी. दादाने हात झटकले.

वहिनीने नाही झटकले. एका सकाळी ती रस्त्यात आलेल्या आमच्या वाफ्यांतला सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटायला बसली.

"कवळा सांभार काहून उपटून राह्यली?" दादा ओरडला.

"वानोळा द्याचा हाये. रस्त्यातलं पीक सगळ्याइचं असते."

नवं पीक शेजाऱ्यांना चाखायला द्यायचं, ही आमच्याकडची रीतच. तिने पांदणीवरच्या घरोघरी टोपली पोचवली आणि सांभार कुठला तेही सांगितलं. समोरच्या ओसरीवर स्वतः टोपलं ठेवून आली.

वानोळ्याचं टोपलं कोणी रिकामं परत करत नाही. कुणी वांगी घालून दिली, कुणी तुरीच्या शेंगा. खाल्लेला सांभार कुणालाच गप्प बसू देईना. एकेकाने आपला बांध मागे घेतला. दादानेही, तोंड पाडून का होईना. या बाईचं मला अजून नवल वाटतं.

समोरून मात्र टोपलं येईना. वहिनी रोज तिकडे बघायची.

मग एके सकाळी ते आमच्या फाटकाशी ठेवलेलं दिसलं. त्यात नीट गुंडाळलेली काटेरी तार होती.

"रिकामं नाही धाडलं त्यानं," वहिनी म्हणाली. तिने तार बाजूला ठेवली, त्याच टोपल्यात मेथी भरली आणि पांदणीने बाजाराला निघाली.