रेडिओ बंद होता तो महिना

त्या रस्त्यावर तिला सगळे आत्या म्हणत. खरं तर ती एकाच मुलीची आत्या. पण त्या मुलीने दुकानात बसून वर्षानुवर्षं "आत्या, आत्या" चालवलं आणि गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. आत्याच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा दारातून "आत्या, जागा आहे का गं?" असं विचारत आत यायच्या.

दुकान बायकांचे केस कापायचं. दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, भिंतीवर मोठा आरसा आणि मागच्या कोपऱ्यात टॉवेलच्या कपाटाला टेकून एक उंच स्टूल. आरसा जरा वाकडा होता. त्याची डावी बाजू भिंतीपासून चांगली चार बोटं पुढे आलेली. नवीन गिऱ्हाईक हमखास मान तिरकी करायचं आणि "आरसा वाकडा बसलाय का हो?" म्हणायचं. आत्याचं उत्तर ठरलेलं होतं, "आरसा सरळ आहे, भिंतच वाकडी आहे." मग पुढे बांधकाम करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि आरशाचा विषय मागे पडायचा.

बोलण्यात आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कात्री चालायची तशी जीभ चालायची आणि जीभ जास्त धारदार होती. तिचा थोरला भाऊ बसचालक. तो तिला रेडिओ म्हणायचा. फरक एवढाच, म्हणायचा, की रेडिओला बंद करायचं बटण असतं.

त्या स्टुलावर बसायची ती या भावाची मुलगी. अंगाने किरकोळ आणि दिवसभर कशात ना कशात गुंतलेली, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. वहिनी इस्पितळात नर्स होती. दोघांच्याही पाळ्या बदलत्या, तेव्हा शाळा सुटली की मुंगी थेट दुकानात. तिला यंत्रं उघडायचा नाद होता. आत्याचं केस वाळवायचं यंत्र तिने तीनदा उघडून जोडलं होतं आणि तिसऱ्यांदा तर ते आधीपेक्षा बरं चालायला लागलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा होती. तिथे कार्यशाळेत मुलांना खरीखुरी यंत्रं उघडू देत. मुंगी वडिलांबरोबर ती शाळा बघून आली आणि रात्री जेवताना कपडे धुवायच्या यंत्राच्या पोटात काय काय असतं यावर इतकं बोलली की वहिनी म्हणाली, ही आत्यावर गेली. पण शाळा चाळणी लावून मुलं घ्यायची. परीक्षा एकदाच, आणि मुंगीसाठी ती त्याच वर्षी. हुकली की पुढच्या वर्गात शिरायला दार नाही.

आत्याने कंबर कसली. आता अपूर्णांक म्हटलं की ती विषय बदलायची, त्यामुळे शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. तिने पेन्सिलींना टोकं केली, स्टुलासमोर मांडायला फळी बनवून घेतली आणि केसांना रंग लावल्यावर वेळ मोजायचं घड्याळ मुंगीच्या पेपरला लावलं. रंग आणि पेपर एकाच घड्याळावर. एकदा घड्याळ वाजलं तशी आत्या पेपर बघायला धावली आणि बेकरीवालीचा रंग डोक्यावर तसाच राहिला. बेकरीवाली पुढचे कितीतरी दिवस वांग्याच्या रंगाचं डोकं घेऊन पाव विकत होती. तिने राग धरला नाही, पण घड्याळ मात्र स्वतःजवळ ठेवायला लागली.

एकूण सगळं ठीक चाललं होतं. आत्या बोलत होती, गिऱ्हाइकं हसत होती, पाण्याचा आवाज, यंत्राचा आवाज, आणि त्यात मुंगी खाली मान घालून गणितं सोडवत होती. गणितं बरोबर येत होती. आत्याला वाटलं, आपण गड जिंकला.

मग सराव परीक्षा झाली. मोठ्या सभागृहात, खऱ्या परीक्षेसारखी. मुंगी अर्धा पेपर कोरा देऊन आली. घरी कोणी रागावलं नाही, वहिनीने फक्त विचारलं की काय झालं. मुंगी म्हणाली, तिथे काहीच आवाज नव्हता.

भावाने बहिणीकडे पाहिलं. तो बोलला हळू, पण बोलला. मासळी बाजारात अभ्यास केलेल्या पोरीला शांतता बाधणारच, असं त्याचं म्हणणं. आत्याला ते फार लागलं. एवढा जीव लावला आणि घात आपल्याच तोंडाने केला, या विचाराने ती त्या दिवशी नीट जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर पाटी लागली: "आत मुलगी अभ्यास करते. कृपया बोलू नये." आत्याने कानाला खडा लावला. परीक्षेला महिना होता आणि महिनाभर रेडिओ बंद.

केस कापणारी बाई बोलत नाही म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्याला कळेल. बायका आत यायच्या, पाटी वाचायच्या आणि आजारी माणसाच्या खोलीत शिरावं तशा चवड्यांवर चालायच्या. सगळा कारभार खुणांवर आला. कुरिअरच्या कचेरीतल्या मुलीने कपाळावरच्या केसांकडे बोट करून दोन बोटं दाखवली. तिला म्हणायचं होतं, दोन बोटं कापा. आत्याने दोन बोटं ठेवली. ती मुलगी आठवडाभर डोक्याला रुमाल बांधून पार्सलं वाटत होती. एरवी अशा चुकीवर आत्याने काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. आता नुसते हात जोडले. काही बायकांनी दुकानच बदललं. त्यांचंही खरं होतं, त्या निम्म्या केसांसाठी यायच्या आणि निम्म्या गप्पांसाठी.

हे सगळं आत्याने सोसलं असतं. पण मुंगीचं गाडं रुळावर येईना. उलट आणखी घसरलं. ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचायची, खोडायची, मान वर करून बघायची, पुन्हा वाचायची. घड्याळ वाजायचं तेव्हा पान अर्धं रिकामं. रोगापेक्षा औषध भारी झालं होतं, आणि दिवस संपत आले होते.

एका दुपारी दुकान रिकामं असताना आत्या फळीशेजारी बसली. आज पाटीचं काय व्हायचं ते होवो. "घोडं कुठे पेंड खातंय ते मला सांग," ती म्हणाली. "आता तर चिडीचूप आहे सगळं."

मुंगीने पेन्सिल दोन्ही हातांत धरली. "तू गप्प असतेस ना, तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात."

"कोणी नाही बघत."

"बघतात. ती पाटी वाचतात आणि मग माझ्याकडे बघतात. त्या परीक्षेतल्या बाईपण बघत होत्या. मग मला वाटतं, मला नाही आलं तर?" ती थांबली. "तू बोलतेस तेव्हा सगळे तुझ्याकडे बघतात. माझ्याकडे कोणीच बघत नाही. तेव्हा मला येतं."

आत्या उठली, दारावरची पाटी काढली, चार तुकडे केले. मग मुंगीला उचलून पहिल्या खुर्चीत बसवलं. आरशात मुंगीने स्वतःचं नाक बघितलं, मग दात बघितले, मग भुवई वर करून बघितली.

"कोणाकडे बघतेस?" आत्याने विचारलं.

"माझ्याकडे."

"या खुर्चीत जी बसते ती तेच करते. शेजारच्या खुर्चीला आग लागली तरी हिचं लक्ष आपल्या बटांवर. परीक्षेत प्रत्येकासमोर त्याचा त्याचा पेपर असतो, मुंगे. जो तो त्यात तोंड खुपसून. तुझ्याकडे बघायला फुरसत कोणाला आहे?"

"त्या बाईंना?"

"त्या बाई घड्याळाकडे बघतात. त्यांना घरी जायचं असतं."

मुंगी हसली. महिन्यात पहिल्यांदा. आणि संध्याकाळी बेकरीवाली आली तेव्हा रेडिओ असा काही सुरू झाला, की महिन्याभराची थकबाकी एका बैठकीत वसूल झाली. मुंगीचं पान घड्याळाच्या आधी भरलं.

परीक्षेच्या दिवशी भाऊ-वहिनी दोघंही कामावर, म्हणून फाटकाशी आत्या उभी राहिली. तिथले आईबाप असे उभे होते की जणू आत शस्त्रक्रिया चालू आहे. आत्याला राहवलं नाही. पेपर संपेपर्यंत अर्ध्या आयांना कुठले केस कसे कापले तर बारीक दिसाल हे कळलं होतं आणि एका बापाने आपल्या टकलाचा इतिहास सांगितला होता. मुंगी बाहेर आली ती पळत.

"आत्या, खरंच कोणी बघत नव्हतं. तुझ्या दुकानासारखंच."

"मग! कोणाला वेळ आहे?" आत्या म्हणाली, आणि तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

मुंगीला शाळा मिळाली. आत्याला झालेला आनंद सगळ्या रस्त्याने ऐकला. दुःख कोणी ऐकलं नाही, कारण ते ती बोलली नाही. शाळा लांब, सुटायची उशिरा, घरी पोचेपर्यंत अंधार. कोपऱ्यातल्या स्टुलावर आता बायकांच्या पिशव्या असायच्या.

सुट्टी लागली तशी मुंगी दुकानात आली. थोडी उंच झाली होती आणि खिशात पेचकस होता, कार्यशाळेत मिळालेला. दुकानात शिरल्या शिरल्या तिने आरशाच्या कडेला गाल लावून मागे डोकावलं.

"आत्या, भिंत सरळ आहे. डाव्या बाजूला मागे कोणीतरी लाकडाचा ठोकळा घातलाय. चार स्क्रू आहेत. मी काढून देते."

आत्या बेसिनपाशी एकीचे केस धूत होती. तिचा हात थांबला. या एवढ्या बोलक्या बाईला तेव्हा नुसतं "राहू दे गं" एवढंच म्हणता आलं.

पण मुंगी मापाची पक्की. काढण्याआधी आरसा किती फिरलाय ते बघायला ती पहिल्या खुर्चीच्या मागे गेली आणि आत्या रोज जिथे उभी राहते बरोबर तिथे उभी राहिली. समोर पाहिलं. आरशाच्या ऐन मधोमध कोपऱ्यातलं स्टूल होतं. फळी होती. पेन्सिल ठेवायची खाच होती. दार नाही, रस्ता नाही, दुसरं काही नाही.

बेसिनमध्ये पाणी वाहत होतं. मग तिने पेचकस खिशात घातला, स्टुलावरच्या पिशव्या खाली काढून ठेवल्या, आणि वर चढून बसली.

"भिंतच वाकडी आहे, आत्या," ती म्हणाली आणि पुस्तक उघडलं.