कात्रीवाल्या मॅडम

नारायणगावच्या त्या दवाखान्यात मूल आत आलं की आधी डॉक्टर मॅडमची कात्री चालायची, नाव-गाव नंतर. गळ्यापासून बेंबीपर्यंत कपडे कापायच्या, मग ते वाढदिवसाचे नवे का असेनात. "कपड्याखाली काय दडलंय ते आईबापबी सांगत न्हाईत," म्हणायच्या. मूळच्या आणे पठारावरच्या. रागावल्या की पुण्यात शिकलेली भाषा गळून पडायची.

मी तेव्हा वडापची जीप चालवायचो, गावोगावचे प्रवासी भरून. अत्यवस्थ पोरं माझ्याच गाडीतून यायची, त्यामुळे मॅडमचं काम मी दारातून पाहिलेलं. डिंगोऱ्याची एक मुलगी बिबट्यानं मानेला धरली होती. घरच्यांनी जखमेत हळद कोंबलेली. मॅडम ती उपसू लागल्या, पोर किंचाळली, चुलत्यानं मॅडमचा दंड धरला. त्यांनी कोपरानं असं ढोसलं की तो भिंतीवर आदळला. "वरडतीय म्हंजे श्वास चाललाय, पावणं. गप पडली तर भ्या." पोर वाचली. चुलता द्राक्षांची पेटी घेऊन आला, तर म्हणाल्या, "कोपर लई गोड लागलं म्हणायचं तुमाला."

मग एका दुपारी माझीच नात, सई, तिथं आणली. वय चार. तोंडाला फेस, अंग घामानं निथळतंय, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मॅडमनी फ्रॉक कापला, नाकाला लावला. "काय प्यायली? बाटली कुठंय?"

बागेवर फवारून उरलेलं औषध मीच कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं होतं. सून समोर उभी होती. मी म्हणालो, "काय न्हाई. शिळंपाकं खाल्लं असंल."

मॅडमनी माझं ऐकलं नाही. साबणानं सईचं अंग धुतलं, इंजेक्शनं सुरू केली. थोड्या वेळानं सई लालबुंद झाली, हवेत काहीतरी वेचू लागली, आईला ओळखेना. विषावरचं औषध लागू पडतंय, त्यानंच असं होतं, हे मॅडम सांगत होत्या.

"कसलं इष?" सोबत आलेला माझा पुतण्या म्हणाला. "आण्णा न्हाई म्हणत्यात ना. तूच चुकीची सुई टोचलीस."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

पुतण्यानं सलाइनचा स्टँड उचलून त्यांच्या पाठीत घातला. त्याच्या धाकट्या भावानं मॅडमचे केस धरून डोकं खाटेच्या लोखंडावर आपटलं. काचा फुटल्या. मॅडम सईवर पालथ्या पडल्या, तिचा सुई लावलेला हात दोन्ही मुठींत धरून. "एवढं औषध जाऊ द्या," म्हणाल्या, "मग मारा." फुटल्या भुवईचं रक्त सईच्या उघड्या पोटावर गळत होतं.

पोलिस आले, त्या दोघांना ओढून नेलं. भुवईवर बोळा दाबत मॅडम माझ्याजवळ आल्या. आवाज अगदी हळू. "आण्णा, आता तरी सांगा. बाटलीत काय व्हतं? कळलं तर पुढचं ठरवता येईल. हिचा श्वास परत अडकू शकतो."

मी तेव्हाही बोललो नाही. मग त्या खुर्ची ओढून सईच्या उशाशीच बसल्या, ती आईला हाक मारीपर्यंत.

सई बरी झाली. मॅडम नोकरी सोडून गेल्या, आणि गावात त्यांचं नाव चुकीची सुई देणारी बाई म्हणून राहिलं. सई आता आंबेगावात नांदते. परवा मी तिच्या घरी गेलो, तेव्हा लेकराला मांडीवर घेऊन ती सासूला हसत सांगत होती, त्या बाईला आमच्या काकांनी कसं झोडलं. तेव्हा मी खरं सांगितलं.

सई हसायची थांबली. तिनं एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलं का कुणी?"

मॅडम, द्राक्षांवर मारायचं औषध होतं ते. बाटली मीच भरली होती.