हलकी फळी

टेबल टेनिसची बॅट घ्यायला जाताना वडिलांना बरोबर नेऊ नये. मी नेलं. इलाजच नव्हता; खिसा त्यांचा, आणि शालिमारच्या बाजारातल्या गर्दीत मला एकटीला सोडायला आई तयार नव्हती. शिवाय वडील, म्हणजे आमचे दादा, स्वतःहून म्हणाले होते, "लाकडाची वस्तू हाय ना? मग मीच बघून घेतो." झालं!

आम्ही मखमलाबादकडचे माळी. वर्षभर मेथी-कोथिंबीर आणि नवरात्राच्या तोंडावर झेंडू. नव्वदचं दशक संपत आलं होतं, पण आमच्या घरात टेबल टेनिस कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेतल्या पीटीच्या सरांनी मला गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये नेलं, तिथल्या कोचनी माझा हात बघितला आणि मला ठेवून घेतलं. हॉल मेंबरांच्या मुलांचा. बाहेरच्या मुलींना टेबल फुकट मिळायचं ते एकाच अटीवर, जिल्ह्याच्या ज्युनियर टीममध्ये असलात तर. मागच्या वर्षी मी कशीबशी टीममध्ये आले होते, शेवटच्या नंबरवर. या वर्षी दसरा झाला की पुन्हा निवड होती आणि वयाच्या हिशेबानं माझं हे ज्युनियरचं शेवटचं वर्ष. निवड झाली तर टेबल राहणार, राज्याची स्पर्धा खेळायला मिळणार, आणि तिथं कुणाच्या डोळ्यात भरले तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचं बघता येणार. नाही झाली तर रामराम. मेंबरशिप भरणं दादांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि आमच्या मळ्यात टेबल म्हणायला फवारणीचा पंप ठेवायचं एक मोडकं बाकडं होतं.

आज सांगायला बसले की वाटतं, एवढ्याशा गोष्टीवर मी जन्माची गाठ मारून बसले होते. पण तेव्हा मला दुसरं काही दिसतच नव्हतं. पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधताना माझ्या मनगटात सर्व्हिस चालू असायची आणि आई ओरडायची, "जुडी बांध गं, नाचवतीस काय तिला!"

निवडीआधी कोचसरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ही दुकानातली तयार बॅट आता फेक. हिच्यात जीव नाही राहिला. नुसतं लाकूड घेऊन ये, रबरं मी देतो." एका मोठ्या मुलानं बदललेली, पण अजून पकड असलेली रबरं त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवली होती. नुसत्या लाकडाला ब्लेड म्हणतात, हॉलमध्ये सगळे प्लाय म्हणायचे, आणि आमच्या घरी ती अखेरपर्यंत फळीच राहिली. सरांनी बजावलं, परदेशी बघूच नकोस, आपल्याकडची पाच थरांची घे, पण हलकी घे. तुझा खेळ टेबलाजवळचा आहे, जड बॅटनं तुझा हात मागे राहील. एकाच कंपनीच्या चार फळ्या सारख्या दिसतात, पण लाकूड आहे ते, प्रत्येकीचं वेगळं. कानाशी धर, बोटानं वाजव, खणखणीत वाजेल ती उचल.

दुकानात दादांनी पहिल्या झटक्यात सगळ्यात जड फळी उचलली. "ही घे. हिच्यात माल हाय."

"दादा, हलकी पाहिजे."

"हलकी? मग पैसे कमी करा म्हणावं."

दुकानदार हसला. "काका, यात हलकीचेच जास्त पडतात."

दादांनी त्याच्याकडं असं बघितलं की मला फरशी फाटून गडप व्हावं असं वाटलं. "आमच्या मार्केटात वजनाचे पैसे असतात. तुम्ही वजन नसल्याचे घेता? वा रे वा!" एवढ्यावर थांबतील तर ते दादा कसले. दोन फळ्या हातात घेऊन ते सरळ शेजारच्या काजू-बदामवाल्याकडं गेले आणि त्याच्या काट्यावर टाकल्या. दुकानदार मागे धावला, मी त्याच्या मागे. काजूवाल्यानं वजन सांगितलं, दादांनी मान हलवली आणि परत येऊन मला समजावलं की थोडक्या पैशात जास्त लाकूड मिळतंय, येड्यासारखं करू नको. मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, "खुरप्याचा दांडा घ्यायला नाय आलो आपण!"

त्यांनी जड फळी खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं बाई, तू सांग."

मी एकेक फळी कानाशी धरून वाजवली. काही ठप्प वाजत होत्या. एक वाजली आणि मला अंगभर कळलं की हीच. पातळ, पिवळसर, मूठ माझ्या तळव्यात अशी बसली की सोडवेना. दादांनीही ती कानाशी धरून नारळासारखी वाजवली आणि दुकानदाराला म्हणाले, "आवाज चांगला हाय." पैसे काढताना मात्र त्यांनी तोंड फिरवलं. सिटी बसमध्ये ती फळी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्याच मांडीवर होती, माझ्या हातात काही दिली नाही.

सरांचा एक नेम होता. नवी बॅट दसऱ्यालाच हातात घ्यायची. म्हणाले, दसऱ्याला संध्याकाळी आण, त्या मुहूर्तावर रबरं चिकटवू. तोवर फळी घरी नुसतीच राहिली, ना वर रबर ना पॉलिश, कोरं लाकूड. मी ती कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली होती आणि येता-जाता काढून वाजवायची. आई कपाळाला हात लावायची. तिला या खेळाचा तिटकारा होता. हॉलला निघाले की म्हणायची, "चालली टिकटिक करायला."

नवमीला दादा आणि मी पहाटेच टेम्पो भरून झेंडू घेऊन गेलो. फुलवाल्यांचं वर्ष त्या दीड दिवसावर असतं. त्या दिवशी आमच्याकडं कुणी आजारीसुद्धा पडत नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझे हात पिवळे झाले होते आणि पाय उरले नव्हते.

ओसरीवर खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. दर वर्षीसारखी अवजारं ओळीनं ठेवलेली, विळे, खुरपी, कुदळी, टिकाव, पंप. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर एकेक फूल. आणि खुरप्याच्या शेजारी माझी फळी. तिच्याही अंगावर हळदकुंकवाची बोटं, तिच्यावरही झेंडूचं फूल.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. किती दिवसांनी मी तिला असं खूश बघत होते! "तुझीपण घेतली गं पूजेत. म्हटलं, ह्यांच्या हाताला कुदळ तशी पोरीच्या हाताला ही. काल रात्री सगळ्या अवजारांबरोबर घमेल्यात भिजत घातली, सकाळी दुधापाण्यानं धुतली, उन्हात वाळवली. आता बघ कशी घट्ट बसंल."

आमच्याकडं असंच करतात. कुदळीचा दांडा खुळखुळायला लागला की ती रात्रभर पाण्यात टाकायची. लाकूड फुगतं आणि दांडा लोखंडात गच्च बसतो. आईनं जन्मभर हेच बघितलं होतं. लाकडाला पाणी म्हणजे ताकद. माझ्या फळीत लोखंड नव्हतं. तिच्यात पाच पातळ थर होते, डिंकानं चिकटवलेले, आणि ते आता कडेला चपातीच्या पापुद्र्यांसारखे सुटले होते. पातं एका अंगानं वर वळलं होतं.

माझ्या घशाशी काय काय आलं, सांगते. अगं आई, तुला कुणी सांगितलं होतं! मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात दादांनी माझा दंड धरला. त्यांनीही फळी बघितली होती, आणि लाकूड त्यांना कळत होतं. ते आईला म्हणाले, "चांगलं केलं. च्या टाक." आणि मी गप्प बसले, कारण मला आईचं तोंड दिसत होतं. ज्या खेळाला ती टिकटिक म्हणायची, त्याला आज पहिल्यांदा तिनं कामात धरलं होतं. त्या तोंडावर मी काय फेकणार होते?

रात्री दादांनी थरांत सुताराचा डिंक भरला आणि फळी जात्याच्या दगडी पाळ्यांमध्ये दाबून ठेवली. आईनं विचारलं तर म्हणाले, रबर लावायच्या आधी अशी दाबून ठेवावीच लागते. दसऱ्याला फळी सरांकडं नेली. सरांनी ती कानाशी धरून वाजवली. आवाज नव्हताच. "पाण्यात पडली होती का?" मी हो म्हटलं. मुहूर्त मोडू नये म्हणून त्यांनी रबरं तेवढी लावून दिली. नवीन घ्या म्हणण्यात अर्थ नव्हता हे त्यांनाही माहीत होतं. मला रबराचा वास खूप आवडायचा. त्या दिवशी मी नाकाला ओढणी लावली.

निवडीच्या दिवशी दादा पहिल्यांदाच हॉलमध्ये आले. धुतलेला सदरा घालून, चपला दाराबाहेर काढून भिंतीला टेकून बसले. सुरुवातीच्या दोन मॅच मी त्याच बॅटनं कशाबशा काढल्या. चेंडू खालच्या कडेला लागला की मरायचा, म्हणून मी सगळं वरच्या अंगानं खेळत होते. शेवटची मॅच देवळाली कॅम्पच्या एका मुलीशी होती, फौजीची मुलगी, शिस्तीची. जी जिंकेल ती टीममध्ये. तिनं नियमाप्रमाणे माझी बॅट बघायला मागितली. हातात घेऊन जरा घुटमळली आणि पंचांना दाखवली. तिचं काही चुकलं नाही. पंचांनी बॅट टेबलावर पालथी ठेवली, ती एका टोकाला डुगडुगली. म्हणाले, "पातं सपाट लागतं. ही चालणार नाही, दुसरी काढ."

दुसरी म्हणजे ती जुनी, तयार बॅट. तिचं रबर गुळगुळीत झालं होतं, चेंडूला पकडच नाही. पहिला गेम मी नुसत्या रागावर जिंकले. पण रागावर किती खेळणार? दुसरा गेला. तिसऱ्यात मी मागे पडले, बरोबरीला आले, पुन्हा मागे पडले, आणि माझा शेवटचा चेंडू जाळीत गेला. मुलीनं हात पुढे केला, मी मिळवला. सर जवळ आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्यापासून टेबल टीमच्या मुलींना द्यावं लागेल गं." त्यांना वाईट वाटत होतं. त्याचं मी काय करू?

पुढे दोन-तीन वर्षांत चेंडू मोठा झाला, गेम एकवीसवरून अकरावर आला, असं ऐकलं. मी तो खेळ खेळलेली नाही.

घरी आलो तर आई दारातच उभी होती. दादाच बोलले, "नाय झालं. बॅट चालली नाय. थर सुटले होते तिचे."

आई खाली बसली. मग माझ्या हातातली पिशवी घेऊन तिनं ती बॅट बाहेर काढली, सुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "एकच रात्र ठेवली ना पाण्यात. एका रात्रीत काय घट्ट बसतंय? सातव्या माळेलाच भिजत घालायला पाहिजे होती. तू नको रडू. पुढच्या वर्षी मी चांगली दोन-तीन दिवस ठेवीन."

दादा उठून मळ्यात निघून गेले. मी म्हटलं, "हो, ठेव."