वालाच्या वावरात पचनसंस्था

माझ्या आवाजात गुण आहे, हे मला एका वांदरांच्या टोळीने पटवून दिलं.

मी वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. राहतो पिपरी मेघेत, वावर गावाबाहेर. माझ्या वर्गातली निम्मी पोरं भाजीवाल्यांची. बाजाराचा दिवस आला की मायबापासोबत दुकानावर बसतात, अन् माझा तास बुडतो! म्हणून मी शक्कल काढली. मुठीत मावणारा लाल स्पीकर, त्यात चिप, अन् चिपमध्ये माझे धडे, पहिला पचनसंस्थेचा. पोरगं निंदण करत असो की मेथीच्या जुड्या बांधत असो, बटण दाबलं की धडा सुरू! मुख्याध्यापक म्हणाले, "आधी वर्गात वाजवून दाखवा. पोरांनी ऐकलं तर सगळ्यांसाठी डब्बे घेऊ. नाही ऐकलं तर विषय बंद."

अगदी तसाच दुसरा डब्बा मी बाबांना दिला होता. दुपारी वांदरं वालाच्या शेंगांवर तुटून पडत (नेमकी बाबांच्या डुलकीच्या वेळी!), म्हणून त्यात आईच्या शिव्या भरल्या होत्या. आईला सराव लागला नाही. समोर बाबांना उभं केलं, बस! बाबा तो डब्बा काळ्या दोऱ्याने बोरीला टांगत.

वर्गात धडा वाजवायचा होता त्या सकाळी दोन्ही डब्बे शेजारी-शेजारी चार्जिंगला. बायको म्हणाली, "अहो, एकावर नाव तरी लिहा."

"मला माझा डब्बा ओळखू येत नाही का? बाबांच्या डब्ब्याला दोरा आहे!" असं ऐटीत सांगून मी आंघोळीला गेलो.

तेवढ्यात आईने माझ्या डब्ब्याला नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधला. बाबांनी दोरा पाहिला, डब्बा उचलला, वावरात गेले. मी निघताना आई ओरडली, "तुह्या डब्ब्याले दोरा बांधला मी, सोडजो नको!" मी पाहिलं. उरलेल्या डब्ब्याला दोरा होताच! खिशात टाकून निघालो.

वर्ग भरला. मुख्याध्यापक चहाचा कप अन् बिस्कीट घेऊन दारात आले. मी बटण दाबलं.

"आला का रे मुडद्या पुन्हा गिळायले! हाड! हाड! लाज नाई वाटत फुकटचं खायले? थांब, तंगडंच मोडते तुह्यं!"

मुख्याध्यापकांनी बिस्कीट खिशात टाकलं. मी घाबरून दुसरं बटण दाबलं, तर आवाज वाढला! मागच्या बाकावरची कायम पेंगणारी पोरं ताठ बसली. एकाने तर वही उघडून लिहायला घेतलं.

शाळा सुटताच मी वावराकडे पळालो. धडा गेला तो गेला, आता शेंगाही गेल्या! बाबा बांधावर डोळे चोळत बसले होते.

"बाबा, वांदरं आलते का?"

"आलते ना. पंधरा-वीस असतीन."

"अन् शेंगा?"

"एकबी तोडली नाई."

माझी छाती फुगली. "माह्या आवाजानं पळाले?"

"पळतीन कायले? लहान आतड्यापर्यंत आयकलं त्याईनं, मंग लिंबाखाली पसरले. मीबी तिथंच झोपलो. लय दिवसानं अशी झोप लागली, बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. मी रात्रभर माफी पाठ केली होती.

"डब्बे मंजूर," ते म्हणाले. "पोरांचं एवढं लक्ष मी आजवर पाहिलं नाही. फक्त आवाज तोच ठेवा."

आता धडे लिहितो मी अन् बोलते आई. "जठरात काय होते? आयकून राह्यले का झोपले रे मुडद्याहो?" पोरं बाजारात ऐकतात, वावरात ऐकतात, पुन्हा पुन्हा लावतात. दुकानावर बसून अख्खी पचनसंस्था पाठ झाली त्यांची! मला आनंद आहे. खरंच आहे.

आणि माझा आवाजही वाया गेलेला नाही. तो रोज दुपारी बोरीला टांगलेला असतो. अजून एकही वांदर मोठ्या आतड्यापर्यंत पोचलेलं नाही.